चारशे मीटरची वाट मोकळी ठेवा

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

याच विषयावरची तीन पत्रे मी आपल्याला बंद पाकिटातून दिली. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही आलेले नाही. म्हणून हे चौथे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचे नाव मी लिहिणार नाही. याच आवारात मी शिकले, याच संस्थेत पस्तीस वर्षे नोकरी केली. तिची बदनामी माझ्या हातून व्हायची नाही. माणदेशात ज्यांना कळायचे त्यांना नावाशिवायही कळेल.

गेल्या महिन्यात सूचनाफलकावर आपला ठराव लागला. मी २०२२ साली निवृत्त झाल्यापासून शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे आहे, ते आता भरायचेच नाही. त्याऐवजी क्रिकेट आणि बॅडमिंटन या दोन खेळांसाठी मानधनावर दोन प्रशिक्षक घ्यायचे आणि त्यांचे मानधन मुलांच्या वाढीव फीमधून काढायचे. मैदानाच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात जाळी लावून टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, करायचे, संध्याकाळी ते तासाच्या भाड्याने द्यायचे. उरलेल्या कडेला दुचाकींची पार्किंग. ठरावात एक वाक्य आहे: 'एकाच व्यक्तीने सर्व खेळ शिकवण्याची जुनी पद्धत आता कालबाह्य झाली आहे.'

मी त्या जुन्या पद्धतीने घडले आणि पुढे जन्मभर तीच पद्धत चालवली. म्हणून त्या वाक्याला उत्तर देणे मला भाग आहे.

१९८० साली मी एफ.वाय.ला आले. वडील रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाच्या बांधावर. घरापासून कॉलेज अकरा किलोमीटर, दिवसाला एसटीच्या तीन फेऱ्या. मला खो-खो सोडून दुसरा खेळ माहीत नव्हता. जिमखान्याचे सर आम्हाला रोज संध्याकाळी खेळवायचे. एकदा डाव संपल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "पोरी, बाकीच्या दमतात तेव्हा तुझा पाय सुटतो. खो-खो तुझं घर आहे, पण तुझं शेत दुसरीकडं आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, आखलेल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर उभे केले आणि दोन फेऱ्या पळायला लावल्या. आठशे मीटर नावाची शर्यत असते, हे मला त्या दिवशी कळले.

ते सर धावपटू नव्हते. त्यांच्या कॉलेजच्या काळात ते कबड्डी खेळले, व्हॉलीबॉल खेळले, गोळाही फेकला. मैदान आखणे, जाळी शिवणे, मुरगळलेला पाय बांधणे, मुलीच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत घालणे, ही सगळी कामे तेच करायचे. माझ्या वडिलांना त्यांनी एवढेच सांगितले होते, "स्पर्धेला नेईन ती आणि सोडीन ती मीच." दोन वर्षे त्यांनी तो शब्द पाळला. अनवाणी पळून मी विभागातल्या कॉलेजांची झोनल स्पर्धा जिंकली. इंटरझोनलला एकदा दुसरी आले, पुढच्या वर्षी पहिली. विद्यापीठाच्या संघातून ऑल इंडियाला गेले आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, पायात घातलेल्या मुली जवळून पाहिल्या त्या तिथेच. परतीच्या रेल्वेत सर मला हरल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "आता बी.पी.एड. कर. तुला जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायचंय."

१९८४च्या ऑगस्टमध्ये मी बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, वसतिगृहात होते. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचे कांस्य एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तिची वेळ ५५.४२, तिसरीची ५५.४१. व्हरांड्यातल्या रेडिओभोवती आम्ही सगळ्या उभ्या होतो आणि कितीतरी वेळ कुणी हलले नाही. तो शंभरावा भाग कुठे गेला असेल, याचा विचार मी पुढे प्रत्येक मुलीला पळवताना केला आहे.

आपण ज्या पद्धतीला कालबाह्य म्हणता ती आली कुठून, हेही सांगते, कारण अभ्यासक्रमात हा भाग आम्ही मन लावून वाचला होता. जेम्स नेस्मिथ हा कॅनडाचा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तो फुटबॉल आणि लॅक्रॉस खेळला, जिम्नॅस्टिक्स केले. पुढे अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत शिक्षक झाला. १८९१च्या डिसेंबरात बाहेर कडाका होता आणि आत अठरा मुलांचा वर्ग कवायतीला कंटाळला होता. त्याने व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या लावल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्माला आला. एकाच खेळात बंद राहिलेल्या माणसाला ते सुचले असते असे मला वाटत नाही. उडवलेला चेंडू, अंगावर न जाता केलेला अडवा, उंचावरचे लक्ष्य, या गोष्टी त्याने आधी वेगवेगळ्या मैदानांवर स्वतःच्या शरीराने शिकल्या होत्या. पुढे कॅन्सस विद्यापीठात तो बास्केटबॉलही शिकवायचा आणि धावपटूंनाही. त्याच स्प्रिंगफिल्डमध्ये शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. चार वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाची व्यवस्था त्यांच्याकडेच होती.

आणि हे फक्त परदेशातून आलेले नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. १९३६ साली बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पदकासाठी खेळले गेले तेव्हा म्हातारे नेस्मिथ तिथे हजर होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या मंडळींनी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. दोघांची गाठ पडली का, ते मला माहीत नाही. पण वर्गात हा भाग शिकवताना मी दर वर्षी इथे थांबायचे. मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचे ते पाहण्यासारखे असायचे.

१९८७ साली मी या कॉलेजात रुजू झाले. आले तेव्हा मला खरे दोनच खेळ येत होते, खो-खो आणि पळणे. बाकीचे शिकून घेतले. व्हॉलीबॉल मला गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी शिकवला. पलटणीच्या संघातून खेळलेले ते, गुडघे गेलेले, पण खुर्चीत बसून स्मॅशरच्या शेवटच्या दोन पावलांतली चूक सांगायचे. भाला घ्यायला पैसे नव्हते तेव्हा बांबूला लोखंडी टोक बसवून घेतले. कुस्ती मी शिकवली नाही, तो माझा अधिकार नव्हता. त्यासाठी पोरांना तालमीत वस्तादांकडे घेऊन जायचे आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे.

एकाच माणसाने अनेक खेळ पाहिले की काय होते, ते आपल्याला एका मुलावरून सांगते. तो कबड्डीला आला होता. चढाईत हमखास पकडला जायचा, कारण वळताना त्याची पावले जड पडायची. कबड्डीच्या प्रशिक्षकाने त्याला चार दिवसांत घरी पाठवले असते, आणि ते चुकीचेही ठरले नसते. पण पाणी प्यायला जाताना तो चिंचेवर दगड मारायचा. खांदा मागे नेण्याची त्याची लकब, कमरेतून सुटणारा झटका, आणि हाताच्या आधी छाती पुढे येणे मी लांबून पाहत होते. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात बांबूचा भाला दिला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाचा ब्लेझर घालून आला. आज तो एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि कबड्डी, खो-खो, थाळी, भाला सगळे शिकवतो.

सगळीकडे असेच झाले असे मी म्हणत नाही. एका मुलीला मी कबड्डीतून हट्टाने अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. तिला मैत्रिणींचा संघ हवा होता, एकटीने पळणे नको होते. तिने खेळच सोडला. ती चूक माझी होती आणि ती मला अजून सलते. पण त्यानंतर कुठल्याही मुलीला विचारल्याशिवाय मी तिचा खेळ बदलला नाही.

आपल्या तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरला आपण सगळे ओळखतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिचा फोटो आपणही लावता. ती आधी खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याची धावपटू झाली, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळली, आणि २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत पळून दहावी आली. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. बत्तीस वर्षांनी. ते यश तिचे, तिच्या घरच्यांचे आणि तिच्या मार्गदर्शकांचे. त्यात माझा काहीही वाटा नाही. पण स्टीपलचेस पळायची म्हणून आपल्याकडची कुठलीच मुलगी घरातून निघत नाही. ती खो-खोच्या पाटीवर बसलेली असते. तिच्याकडे पाहून 'हिचे शेत दुसरीकडे आहे' असे म्हणणारे कुणीतरी मैदानावर असावे लागते. ठरावाने आपण नेमके तेच माणूस काढून टाकले आहे.

एका खेळाचा निष्णात प्रशिक्षक लागतोच. मी माझी चांगली मुले वेळ न दवडता पुढे पाठवली, जिल्ह्याला, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीला, पुण्याला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे प्रबोधिनीतूनच तयार झाला आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्य घेऊन आला. पण प्रबोधिनीच्या दारापर्यंत मुलाला नेणारा माणूस तालुक्यातच असतो. तो नसेल तर निष्णात प्रशिक्षकाकडे जाणार कोण?

आता माझ्या तक्रारी.

पहिली पदाची. मला तोंडी सांगण्यात आले की शासन पद भरू देत नाही. म्हणून मी माहितीच्या अधिकारात विचारले. उत्तर असे आले की २०२२ पासून आजपर्यंत संस्थेकडून पद भरण्याचा प्रस्तावच गेलेला नाही. मागितलेच नाही तर नाकारले कुणी? या काळात मुलांकडून जिमखाना फी मात्र दर वर्षी घेतली गेली. संघ गेले नाहीत. झोनलच्या प्रवेशिका भरायला माणूस नव्हता म्हणून मागच्या वर्षी आपला मुलींचा खो-खो संघ घरी बसला. त्या आधीच्या पस्तीस वर्षांत असे एकदाही झाले नव्हते. त्या मुलींपैकी तिघी तिसऱ्या वर्षाला होत्या. त्यांना पुढचे वर्ष नाही.

दुसरी तक्रार खेळांच्या निवडीची. बॅडमिंटनला हॉल लागतो, रॅकेट लागते, शटलकॉक रोज फाटतात. क्रिकेटच्या एका किटच्या पैशात मी वर्षभर चार संघ चालवले आहेत. खो-खोला लागते सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद जमीन आणि दोन खांब. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघे महाराष्ट्राचे. त्याच वर्षी आपण आपले खांब उपटून भंगाराच्या खोलीत टाकले. मी जाऊन पाहिले आहेत. त्यातला एक खांब माझ्या सरांनी बसवलेला होता.

तिसरी मैदानाची, आणि हिच्यावर मी थोडी सविस्तर लिहिते, कारण ठराव करताना कुणी टेप लावून पाहिलेले दिसत नाही. चारशे मीटरच्या ट्रॅकला साधारण १७६ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद जागा लागते. आपल्याकडे ती जेमतेम आहे. पूर्वेचा अर्धा भाग गेला की दोनशे मीटरचा ट्रॅक उरेल. मग आठशे मीटरला दोनऐवजी चार फेऱ्या, म्हणजे चारऐवजी आठ वळणे, तीही आखूड. अशा वळणावर रोज पळणाऱ्या मुलीचा डावा घोटा आणि पिंढरी दुखायला लागते. ती पुरती झोकून पळायला शिकत नाही, कारण सरळ रेषा संपायच्या आत तिला वेग आवरावा लागतो.

हे फक्त पदकांसाठी नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर पळावे लागते, मुलांना सोळाशे. जोडीला शंभर मीटर आणि गोळाफेक. एकूण पन्नास गुण. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत पहिला पगार या पन्नास गुणांतून आला आहे. पहाटे पाच वाजता आपल्या मैदानावर आजूबाजूच्या गावांतली मुले पळायला येतात. त्यातली निम्मी आपल्या कॉलेजची नाहीत, आणि मी कधी कुणाला हाकलले नाही. परवा फाटकाला कुलूप दिसले. मुले आता राज्य मार्गाच्या कडेने पळतात, उसाचे ट्रॅक्टर आणि डंपर यांच्या मधून, अंधारात. तिथे एखाद्या मुलाला धक्का लागला तर टर्फचे भाडे कुठल्या तोंडाने मोजायचे?

चौथी फार लहान आहे, पण सांगते. मानधनाच्या जाहिरातीत 'एका खेळातील पदविका आवश्यक' अशी अट आहे. माझ्या हाताखाली तयार झालेले, एम.पी.एड. केलेले, नेट-सेट झालेले चार जण आज तासिका तत्त्वावर हिंडताहेत. चार-पाच खेळ शिकवू शकतात म्हणून ते या जागेला अपात्र ठरले.

अध्यक्ष महोदय, आपण सातारा जिल्ह्याचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांबद्दल आपले भाषण मी दोनदा ऐकले आहे, आणि ते मनापासून असते. १९५२ साली खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन आले. वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राला त्यानंतर थेट २०२४ साली, बहात्तर वर्षांनी मिळाले. शिक्षण संस्थेतल्या माणसाने विद्यार्थ्यासाठी काय केले, याचे एवढे मोठे उदाहरण आपल्या शेजारी आहे. आपल्याकडे मी घर मागत नाही. आहे ते मैदान राहू द्या, एवढेच मागते.

माझ्या मागण्या अशा. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरण्याचा प्रस्ताव या महिन्याअखेर पाठवावा आणि त्याची प्रत फलकावर लावावी. पद भरेपर्यंत तासिका तत्त्वावर का होईना, अनेक खेळांची जाण असलेला माणूस नेमावा. त्या माणसाला क्रिकेट आणि बॅडमिंटनच्या प्रशिक्षकांची जोड मिळाली तर मला आनंदच आहे, पण त्यांचा पगार गरीब मुलांच्या फीवर टाकू नये. टर्फ आणि पार्किंगचा ठराव स्थगित करावा. टर्फ हवेच असेल तर वसतिगृहामागची पडीक जागा आहे, ती मी स्वतः मोजून दिली आहे. फाटक पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी चार ते सात सर्वांसाठी उघडे राहावे. गेल्या तीन वर्षांच्या जिमखाना फीचा जमाखर्च जाहीर करावा. आणि खो-खोचे दोन्ही खांब परत जागेवर बसवावेत.

मला पद नको, मानधन नको, सत्कार तर मुळीच नको. नवा माणूस येईपर्यंत संघ तयार करण्याचे काम मी विनामोबदला करीन, तसे लेखी दिले आहे. गुडघे आता साथ देत नाहीत, पण सुभेदारसाहेबांसारखे खुर्चीत बसून मला अजून बरेच काही दिसते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता मी फाटकाशी येणार आहे. सोबत माझे जुने विद्यार्थी असतील, काहींच्या मुलीही असतील. आमच्याकडे दोरी, टेप आणि फक्कीच्या सहा पिशव्या असतील. आम्हाला पूर्ण चारशे मीटरचा ट्रॅक आखायचा आहे, आठ लेनचा. आपण कुलूप काढून द्यावे, आणि जमल्यास दोरीचे एक टोक आपण धरावे.

आपली नम्र,
या कॉलेजची माजी विद्यार्थिनी
आणि निवृत्त शारीरिक शिक्षण संचालिका